गुरुवारची खिडकी

लिफ्टकाकांचं आपल्या सुनेबद्दल एक ठाम मत होतं आणि ते कुणापासून लपून राहिलेलं नव्हतं. बाई कष्टाळू, शब्दाला पक्की, पण हात भलताच आखडता. तेलाची बाटली ती औषधासारखी वापरते, चहात साखर घालताना तिला जणू कापरं भरतं आणि बिस्किटांचा पुडा आणलाच तर असा ठेवते की शिडी लावल्याशिवाय हाती लागू नये. "स्वतःच्या घरात उपाशी आहे मी," असं ते खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमनला सांगत. सांगताना त्यांच्या शर्टाची पोटावरची बटणं तुटायच्या बेतात असत, आणि पोस्टमन त्या बटणांकडे बघून पुढ्यातली बिस्किटांची बशी त्यांच्याकडे सरकवत असे.

लिफ्टकाका हे नाव त्यांना लोकांनीच चिकटवलेलं. उभी हयात त्यांनी लिफ्टच्या दुरुस्तीत घालवली होती. "लोकांना जिने चढू न देणं हा माझा धंदा," असं ते म्हणत, आणि स्वतःही तो नेमानं पाळत. पहिल्या मजल्यावर जायचं असलं तरी दारात उभे राहून लिफ्टची वाट बघत. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा लांब पल्ल्याचा टँकर चालवायचा. दोन दिवस घरी आला की त्यातला एक झोपण्यात जायचा. त्यामुळे घरात खरी माणसं दोनच, सासरा आणि सून. ती शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात बिलांच्या खिडकीवर बसायची. सकाळी डबा भरून जायची ती दिवेलागणीला परत यायची, आणि आल्यावर पाणी पिण्याआधी विचारायची, "बाबा, गोळ्या घेतल्या?"

हा प्रश्न काकांच्या डोक्यात जायचा. कारण आपण आजारी आहोत हेच त्यांना मान्य नव्हतं. रक्तदाब थोडा वर होता, साखर थोडी जास्त होती, रक्तातली चरबी थोडी वाढली होती, आणि पोट तर काय, सगळ्यांसमोरच होतं. प्रत्येक डॉक्टर 'थोडं' म्हणायचा आणि एक गोळी वाढवायचा. सुनेच्याच हॉस्पिटलात साखरेचे डॉक्टर सोमवारी बसायचे, दाबाचे बुधवारी, हृदयाच्या डॉक्टरीणबाई शुक्रवारी. तिघंही रक्त तपासायला पाठवायचे. "माझ्या अंगात जेवढं रक्त होतं तेवढं तुमच्या बाटल्यांत गेलं," असं काकांनी एकदा प्रयोगशाळेतल्या मुलीला ऐकवलं होतं. ती हसली आणि म्हणाली, मूठ आवळा.

एका संध्याकाळी ते बाल्कनीत बसले होते आणि सून आत फोनवर नवऱ्याशी बोलत होती. तिचा आवाज दबका होता, म्हणून काकांनी कान टवकारले. "दुकानाचं पुढच्या वर्षी बघू आपण," ती म्हणत होती. "बाबांच्या औषधांचं वाढलंय ना."

दुकान म्हणजे टायर-पंक्चरचं एक छोटं दुकान. मुलाचं रात्रीबेरात्रीचं टँकर चालवणं सुटावं म्हणून नवराबायको गेली काही वर्षं पै-पै जोडत होती. काकांच्या मनाला ते वाक्य लागलं. म्हणजे मी आड येतोय तर, असं त्यांना वाटलं, आणि त्याहून जास्त झोंबलं ते हे, की ती आपल्या पाठीमागे तक्रार करते. ते ताडकन उठले, आत गेले आणि जेवायला नको म्हणून सांगितलं. मग तासाभरानं भूक लागली तेव्हा पोस्टमनकडे जाऊन जेवले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दोन गोळ्या बंद केल्या. एक दाबाची, एक रक्त पातळ ठेवण्याची. ज्या गोळ्या घेऊन काही वाटत नाही त्या न घेऊनही काही वाटणार नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आणि खरंच काही वाटलं नाही. महिना गेला, दुसरा गेला. सून विचारायची, "गोळ्या घेतल्या?" काका म्हणायचे, "घेतल्या." औषधाच्या दुकानातून ते हल्ली स्वतःच गोळ्या आणायचे, आणि त्या दोन न घेता आले की आपण घराला हातभार लावला या समाधानात लिफ्टनं वर यायचे.

मग एके सकाळी दाढी करताना वस्तरा त्यांच्या हातातून बेसिनमध्ये पडला. त्यांनी तो उचलायला हात पुढे केला, तर हात आपला नव्हेच असा लोंबत राहिला. आरशात बघितलं तर ओठाची एक बाजू खाली ओघळलेली. सून कधीच कामावर गेली होती. भिंतीला धरून ते लिफ्टपर्यंत आले, खाली उतरले आणि पोस्टमनचं दार वाजवून त्याला काहीतरी सांगू लागले. पोस्टमनला एक अक्षर कळलं नाही, आणि त्यामुळेच सगळं कळलं. त्यानं ॲम्ब्युलन्सला फोन केला.

हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्यात स्ट्रेचर थांबलं ते नेमकं बिलांच्या खिडक्यांसमोर. काका आडवे होते, पण शुद्धीत होते. काचेपलीकडे त्यांना सून दिसली. तपासणीला आले तरी ते दारातून थेट लिफ्टनंच वर जात, त्यामुळे आजवर त्यांनी तिला तिच्या जागेवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. खिडकीसमोर एक म्हातारं जोडपं उभं होतं. म्हातारा हात झटकून काहीतरी म्हणत होता, त्याची बायको भिंतीशी टेकून घामाघूम झालेली, आणि सून काचेच्या भोकातून वाकून त्याच्याशी बोलत होती. मध्येच तिनं मान वर केली. सासऱ्यांना बघितलं. क्षणभर तिचा चेहरा पांढराफटक झाला. तिनं फोन उचलला, दोन वाक्यं बोलली, ठेवला, आणि पुन्हा त्या म्हाताऱ्याकडे वळली.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासरा मरायला टेकलाय आणि ही बिलं फाडत बसलीय. तोंड चालत नव्हतं म्हणून, नाहीतर त्यांनी व्हरांडा दणाणून सोडला असता.

स्ट्रेचर मात्र लगेच हललं. अपघात विभागाच्या दारात हृदयाच्या डॉक्टरीणबाई आधीच येऊन उभ्या होत्या. मागून धापा टाकत आलेल्या पोस्टमनला त्यांनी एकच विचारलं, हे कधीपासून, आणि पुढचं सगळं इतक्या भराभर झालं की काकांना घाबरायलाही उसंत मिळाली नाही. मेंदूकडे जाणाऱ्या एका बारीक वाहिनीत गुठळी अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन वेळेत मिळालं. संध्याकाळपर्यंत जीभ जाग्यावर आली, हाताची बोटं हलू लागली. थोडा बोबडेपणा राहिला.

रात्रीच्या फेरीला डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा काकांनी पहिल्यांदा तक्रारच केली. "सुनेला माझ्यापेक्षा तिचं बिल मोठं," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काका, तिचा फोन मलाच आला होता. तुम्ही दारात पोचायच्या आधी मी तिथे होते ते त्यामुळे. या आजारात उशीर म्हणजे हात जातो, वाचा जाते. तुमचं बरंचसं वाचलंय, ते त्या फोनमुळे."

काका पांघरुणावरच्या हाताची बोटं उघडमीट करून बघू लागले.

"आणि ते जोडपं पाहिलंत ना? बाईंच्या छातीत दुखत होतं. नवरा तिला परत घरी न्यायला निघाला होता, खर्चाच्या भीतीनं. तुमची सून त्याला धरून बसली होती. ती उठली असती तर तो बायकोला घेऊन गेला असता. बाई आता तुमच्या शेजारच्या वॉर्डात आहेत."

काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांना त्या खिडकीतला तिचा पांढरा पडलेला चेहरा आठवत राहिला. पांढरा पडूनही ती जागची हलली नव्हती. आपल्याकडून हे झालं नसतं, हे त्यांना उमगलं, आणि उमगलं म्हणून फार बरं वाटलं असं नाही.

दुसऱ्या दिवशी सून जेवणाच्या सुट्टीत आली. स्टूल ओढून बसली. डोळ्यांखाली काळं झालेलं. "तुम्हीच डॉक्टरांना सांगितलंत म्हणे, दोन गोळ्या बंद केल्यात," ती म्हणाली. "का?"

"तुझा खर्च वाचवत होतो."

तिनं स्टूल आणखी जवळ ओढलं. मग बोलली ती अगदी सावकाश. "त्या दोन गोळ्यांचा अख्ख्या वर्षाचा खर्च या खोलीच्या एका दिवसाच्या भाड्याइतकाही नाही, बाबा. दुकानाचे सगळे पैसे आज सकाळी भरले मी. माझ्याच खिडकीवर. शेजारच्या खिडकीतल्या बाईला सांगितलं, पावती तू फाड, माझ्यानं होणार नाही."

"तूच तर फोनवर म्हणत होतीस…"

"काय म्हणत होते? दुकान पुढे ढकलू, असंच ना? का म्हणत होते? औषधं पुढे ढकलायला लागू नयेत म्हणून. तुम्ही अर्धंच ऐकलंत आणि रुसून पोस्टमनकाकांकडे जेवायला गेलात."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. बिस्किटं कुठे खाता तेही सांगतात. मी कशी चिक्कू आहे हे तुम्ही इमारतभर सांगता, तेही. सांगा, माझं काही म्हणणं नाही. पण मी तेल मोजते ते पैशासाठी नाही. मी रोज त्या खिडकीवर बसते. तुमच्याच वयाची माणसं येतात. थोडा दाब, थोडी साखर, थोडी चरबी, थोडं पोट. थोडं-थोडं म्हणत चालत येतात आणि एक दिवस स्ट्रेचरवरून येतात. मग मी त्यांच्या मुलांच्या हातात बिलाचा कागद देते, आणि मुलं तो कागद वाचून माझ्याकडे बघतात, जणू मीच काहीतरी केलंय. मला तुमचा कागद फाडायचा नव्हता, बाबा."

एवढं बोलून ती उठली, त्यांच्या पांघरुणाची सुरकुती सरळ केली आणि सुट्टी संपली म्हणून गेली. काका मात्र त्या दिवशी जेवले नाहीत, आणि या वेळी रुसून नव्हे.

घरी आल्यावर ते बदलले, पण एका दिवसात नव्हे आणि हसतहसतही नव्हे. गोळ्या सुनेसमोर घेऊ लागले. सकाळ-संध्याकाळ चालायला लागले, वाटेत भेटेल त्याला पावलागणिक शिव्या घालत. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की हे वेगवेगळे आजार नाहीत, एकाच बिघाडाची ही चार तोंडं आहेत, आणि त्याला मेटाबोलिक सिंड्रोम म्हणतात. "तुमच्या लिफ्टसारखंच समजा," त्या म्हणाल्या होत्या, "देखभाल केली की मोठी दुरुस्ती टळते." त्यावर काका म्हणाले होते, "लिफ्टला भूक लागत नाही, डॉक्टरीणबाई."

पण त्यांना कुतूहल वाटू लागलं ते सुनेचं. आता ते तिला विचारू लागले. आज कोण आलं होतं? काय झालं त्यांचं? आणि ती भाजी निवडता-निवडता सांगू लागली. एकदा असंच बोलताना ती म्हणाली, "माझ्या मनात एक आहे, बाबा. पण मी काय, बिलं करणारी बाई. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांपुढे कोण उभं करणार मला?"

"मोठे साहेब?" काका खुलले. "तरुण असताना हा गडी लिफ्टमध्ये अडकला होता. मी बाहेर काढला. घामानं चिंब, आईला हाका मारत होता. मी नुसती आठवण करून दिली की…"

"तुम्ही तसं काहीही करणार नाही," सून म्हणाली. "यायचं तर पेशंट म्हणून या. एक शब्द बोलायचा नाही."

म्हणून ते काठी घेऊन साहेबांच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. साहेबांची वेळ मिळवून दिलेल्या डॉक्टरीणबाईही आल्या होत्या. सून टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, एकच म्हातारा माणूस सोमवारी साखरेसाठी येतो, बुधवारी दाबासाठी, शुक्रवारी हृदयासाठी. तिन्हीकडे त्याच तपासण्या. तीनदा गाडीभाडं, तीनदा मुलाची रजा. मग तो कंटाळतो आणि एक दार सोडून देतो. ज्याचं दार सोडतो त्याच दुखण्यानं पुढे अपघात विभागात येतो. या सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच ठिकाणी बघता येणार नाही का? एकदाच रक्त काढायचं, ते तिन्ही डॉक्टरांनी बघायचं. काय खायचं ते सांगणारं कुणीतरी हवं, औषधं समजावणारं कुणीतरी हवं. आणि खर्च आधी सांगणारी मी बसेन. खर्च कळला की माणसं कमी घाबरतात. न कळलेल्या खर्चाला जास्त भितात."

मोठ्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "हॉस्पिटल कसं चालवायचं हे ठरवणं आमचं काम आहे, बाई."

"हो साहेब. म्हणून तर तुमच्याकडे आले. माझं असतं तर एव्हाना ठरवून झालं असतं."

डॉक्टरीणबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. काकांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवून हसू दाबलं.

"तपासण्या कमी झाल्या तर उत्पन्न कमी होईल, हे कळतंय ना?" साहेब म्हणाले.

"कळतं, साहेब. पण बुडालेली बिलंही माझ्याच खिडकीवर दिसतात. मोठं बिल झालं की म्हातारी माणसं अर्धं भरतात आणि उरलेलं माफ करा म्हणून तुमच्या दाराशी बसतात. तुम्ही माफ करता. दर वेळी करता, मला माहीत आहे, कारण सही केलेला कागद माझ्याकडेच येतो. ते काही उत्पन्न नव्हे."

साहेबांनी पुसलेला चष्मा चढवून तिच्याकडे नीट पाहिलं. आपल्या सह्या कुणी लक्षात ठेवत असेल असं त्यांना वाटलं नसावं. शेवटी म्हणाले, "तळमजल्यावर चादरींच्या जुन्या कोठीशेजारी एक बोळ आहे. गुरुवारी तिथे काही नसतं. वर्षअखेरपर्यंत करून बघा. डॉक्टरांची मनं वळवणं तुमच्याकडे, मी हुकूम काढणार नाही." मग ते कोपऱ्याकडे वळले. "आणि काका, तुम्ही काही बोलला नाहीत त्याबद्दल आभारी आहे."

डॉक्टरांची मनं वळवायला तिला दोन महिने लागले. साखरेचे डॉक्टर नाक मुरडून आले. दाबाचे डॉक्टर आधी नाही म्हणाले, मग अर्धा तास देतो म्हणाले. बोळातली जुनी कपाटं सुनेनं रविवारी स्वतः हलवली. मुलगा घरी आला होता, त्याची झोपेची सुट्टी त्यात गेली. त्यानं एक टेबल आणि एक जुनी सरकती काच कुठूनशी पैदा करून बायकोसाठी खिडकी बसवली. काकांनी एका हातानं दिव्याच्या तारा जोडल्या, दुसरा हात अजून हट्ट करत होता.

पहिल्या गुरुवारी कुणी आलंच नाही म्हणावं अशी अवस्था. काका होते, ते खिडकीवरचं म्हातारं जोडपं होतं, आणि काकांनी दंडाला धरून आणलेला पोस्टमन. "मला काही झालेलं नाही," पोस्टमन पुन्हा-पुन्हा सांगत होता. "मी जन्मभर सायकल मारली." नर्सनं त्याच्या पोटाभोवती टेप लावली, दाब घेतला, बोटातून थेंबभर रक्त काढलं आणि डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. पोस्टमन आत गेला तो ताठ मानेनं, आणि बाहेर आला तो खांदे पाडून. काकांनी त्याला बाकावर जागा करून दिली. "बस. बिस्किटांचे दिवस संपले, तुझेही आणि माझेही."

सून प्रत्येकाशी बोलायची. घाई नाही, आवाज चढवणं नाही. एका बाईला तिनं दाखवून दिलं की दोन डॉक्टरांनी एकच गोळी दोन नावांनी लिहून दिलीय आणि ती दोन्ही घेते. लगेच आत नेऊन एक बंद करवली. एका निवृत्त शिक्षकांनी महागड्या तपासणीसाठी हट्ट धरला तेव्हा त्यांना डॉक्टरांकडून समजावून दिलं की ती सध्या लागत नाही. कुणाचं स्वस्तातलं औषध तितकंच चांगलं असायचं, कुणाचं नसायचं. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सांगत नसे. काका बाकावरून बघत राहायचे. घरात तेल मोजणारा हा हात इथे माणसांना किती सढळ आहे, हे बघायला त्यांना आजवर सवड झाली नव्हती.

हिवाळ्यात काकांचा गुडघा सुजला, चालणं थांबलं, वजन पुन्हा वर गेलं. त्यांनी हाय खाल्ली. "माझ्यानं होत नाही," ते म्हणाले. सुनेनं उपदेश केला नाही. खुर्चीत बसून करायचे व्यायाम नर्सकडून शिकून आली आणि संध्याकाळी स्वतः त्यांच्यासमोर खुर्ची टाकून करायला लागली. दमली-भागली असायची, तरी करायची. तिला एकटीला करू द्यायची काकांना लाज वाटली.

वर्ष संपलं तेव्हा मोठ्या साहेबांनी बोळ बंद केला नाही. गुरुवारी येणाऱ्यांपैकी अपघात विभागात जाणारे बरेच कमी झाले होते, आणि माफीचे कागदही. ते काही सगळंच या खिडकीमुळे झालं नसेल, असं डॉक्टरीणबाईंनी बैठकीत प्रामाणिकपणे सांगितलं. साखरेचे डॉक्टर मात्र म्हणाले की सोमवारचे पेशंटही गुरुवारीच घेऊ. काकांची एक गोळी सुटली. दाबाची जन्माची राहिली. पोट पार गेलं नाही, पण बटणं शांत झाली. दुकानासाठी पुन्हा पहिल्यापासून साठवणं सुरू झालं होतं, आणि या वेळी काकांनी आपल्या पेन्शनमधला वाटा न विचारता त्यात घातला. सून नको म्हणाली नाही, हे त्यांना फार आवडलं.

आता गुरुवारी बोळात जागा पुरत नाही. एकदा रांगेत उभ्या असलेल्या एका नव्या गृहस्थाला काका सांगत होते, "ही खिडकी दिसते ना? ती माझ्या सुनेनं काढली. मोठ्या साहेबांसमोर उभं राहून. मी तिथेच होतो, माझ्या तोंडाला कुलूप होतं. अशी डोक्यानं थंड आणि मनानं मोठी बाई मी माझ्या उभ्या आयुष्यात…"

"बाबा," काचेमागून आवाज आला, "रांग पुढे सरकलीय."

काका काठी टेकत पुढे सरकले, आणि त्या गृहस्थाचा दंड धरून उरलेलं हळू आवाजात सांगू लागले.